‘अँटिगनी’ विद्यार्थ्यांसमोर: निर्मितीच्या नोंदी

१० जून : संहिता

प्रेक्षक इयत्ता नववी ते बारावी. प्रयोग शाळांच्या आणि कनिष्ठ महाविद्यालयांच्या सभागृहांत. हाती दोन तासिका, म्हणजे धरून चालायचं तर ८० मिनिटं. ग्रीक नाटककार सोफोक्लीजचं मूळ नाटक १३५३ ओळींचं, इ. स. पू. ४४१ च्या सुमाराचं. गोष्ट थोडक्यात: थीब्जचा राजा क्रेऑन पॉलिनायसिसला देशद्रोही ठरवून मूठमाती द्यायला मनाई करतो; पॉलिनायसिसची बहीण अँटिगनी हुकूम मोडते आणि तिला जिवंतपणी गुहेत कोंडलं जातं. मराठीत गाण्यांसह पूर्ण केलं तर दोन तासांच्या पुढे जातं. कात्री लावावीच लागणार.

अनुवाद नव्याने करतोय. मूळ नाटकावर कुणाचा हक्क नाही, पण अनुवादावर असतो, आणि भारतात तो अनुवादकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. रिचर्ड जेब १९०५ मध्ये वारले, त्यामुळे त्यांचा इंग्रजी गद्य अनुवाद आणि टीपा खुल्या आहेत. कामाला तोच आधार. ज्याँ अनुईचं १९४४ चं ‘अँटिगनी’ हे वेगळं नाटक आहे. त्यात कोरस (मूळ नाटकात हा गाणारा-बोलणारा समूह) म्हणून एकच माणूस आहे आणि त्याचे हक्क अजून चालू आहेत. शिक्षकांशी बोलताना हे आधीच स्पष्ट करावं, कारण पुष्कळांच्या डोक्यात दोन्ही नाटकं एकमेकांत मिसळलेली असतात.

काय कापलं: कोरसच्या प्रवेशगीतातला लढाईचा तपशील अर्ध्यावर आणला. चौथ्या गाण्यातल्या (ओळी ९४४–९८७) डॅनी, लायकर्गस आणि क्लिओपात्रा (इजिप्तची राणी नव्हे) यांच्या कथा काढल्या. ही मंडळी मुलांना अनोळखी आहेत आणि त्या क्षणी नवी नावं कानात शिरत नाहीत.

काय कापायचं नाही: पहारेकऱ्याचे दोन्ही प्रवेश, क्रेऑन आणि त्याचा मुलगा हेमॉन यांचा वाद, दूताचं निवेदन, आणि ओळी ९०४–९२०. या शेवटच्या ओळींत अँटिगनी म्हणते की नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी हे केलं नसतं, भावासाठीच केलं. जर्मन कवी गटेला या ओळी इतक्या खटकल्या की त्या सोफोक्लीजच्या नसाव्यात अशी त्याची इच्छा होती. पण ॲरिस्टॉटल त्यांचा दाखला देतो, म्हणजे त्याच्या काळी त्या संहितेत होत्या. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना भांडायला इथे खरा मुद्दा मिळतो. ठेवायच्याच.

संहिता टंकून झाली की रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायची. प्रयोगाला तिकीट नसलं तरी सभागृहवाले प्रमाणपत्राचा क्रमांक विचारतात.

१७ जून : भूमिकांची वाटणी

तीन नट, मूळ पद्धतीनेच.

पहिला: अँटिगनी, टायरेसियस (आंधळा द्रष्टा), युरिडिसी (क्रेऑनची राणी).
दुसरा: इस्मिनी (अँटिगनीची बहीण), पहारेकरी, हेमॉन, दोन्ही दूत.
तिसरा: क्रेऑन.

क्रेऑनचं काम अथेन्समध्ये तिसऱ्या क्रमांकाचा नट करी. वक्ता डेमॉस्थिनिसने आपल्या भाषणात, आधी नट असलेल्या एस्किनिस या प्रतिस्पर्ध्याला यावरूनच टोमणा मारला आहे. आजच्या डोळ्यांना क्रेऑन सगळ्यात मोठी भूमिका वाटते, कारण तो जवळजवळ सतत समोर असतो. ती ताकदीच्या नटालाच द्यावी.

कपडे-मुखवटा बदलायला कुठे किती वेळ मिळतो ते ओळींवरून मोजलं. पहारेकरी ४४५ ला जातो आणि तोच नट इस्मिनी म्हणून ५२६ च्या सुमारास येतो. मधे अँटिगनी-क्रेऑन सामना आहे, वेळ भरपूर. अडचण एकच जागी आहे. अँटिगनी ९४३ ला जाते आणि तोच नट ९८८ ला टायरेसियस होऊन येतो. मधलं गाणं कापलं की बदलायला वेळच उरत नाही. म्हणून चौथ्या गाण्याचे शब्द गेले, पण त्याची अडीच मिनिटं राहिली: फक्त वाद्य आणि कोरसची मंद चाल. आत दोन मदतनीस लागतील, एक मुखवट्याला आणि एक अंगरख्याला. मागचे बंद बटणांचे नकोत, वेल्क्रोचे करा.

२ जुलै : कोरस

सोफोक्लीजच्या काळात कोरस १५ जणांचा होता, तीन रांगांत पाच-पाच. आपण नऊ घेतोय, तीन-तीनच्या तीन रांगा. पंधरा जण टेम्पोत मावत नाहीत, हे एक कारण. त्याहून मोठं कारण असं की सभागृहात १८ फुटांच्या वर्तुळापेक्षा मोठी जागा मोकळी मिळत नाही. नऊ जणांना तिथे हात पसरता येतात, पंधरांना नाही.

कोरस रंगमंचावर चढणार नाही. खाली, रंगमंचाच्या पुढ्यात, जमिनीवर राहील. मुलं तीन बाजूंनी सतरंज्यांवर बसतील, खुर्च्या फक्त मागे. कोरस उभा राहिला की मागच्यांना नट दिसत नाहीत, म्हणून प्रवेश चालू असताना तो वर्तुळाच्या दोन कडांना गुडघ्यावर बसतो आणि मधली वाट मोकळी ठेवतो.

छंदाचा निर्णय झाला. ग्रीक गाण्यात दोन-दोन कडव्यांची जोडी असते आणि दोन्हींचा साचा अक्षरशः एकच असतो. पहिल्या कडव्याला कोरस एका दिशेने फिरतो, दुसऱ्याला उलट. प्रवेशगीत पादाकुलकात बसवलं. सोळा मात्रांची ओळ पायांना नीट ताल देते. ‘माणसाइतकं अचाट दुसरं काही नाही’ हे पहिलं मोठं गाणंही मात्रावृत्तातच, जोडीचे साचे तंतोतंत जुळवून. अभंगाचा छंद कटाक्षाने टाळला. तो कानावर पडला की डोळ्यांपुढे वारी उभी राहते, आणि थीब्जचे हे म्हातारे भक्त नव्हेत, राजाचा कल बघून बोलणारे मानकरी आहेत.

९ जुलै : एकसुरात बोलणं

नऊ जण एकत्र बोलायला लागले की दहा ओळींत शाळेच्या प्रार्थनेचा हेल येतो. एकत्र बोलताना प्रत्येक जण शेजाऱ्याची वाट बघतो, त्यामुळे सगळ्यात सोपी लय उरते आणि अर्थाचे आघात गळून पडतात. उपाय:

- एका वेळी चारपेक्षा जास्त ओळी एकसुरात नकोत. बाकी ओळी एकेकट्याने, फक्त शेवटचा अर्धा चरण सगळ्यांनी.
- श्वासाच्या जागा संहितेत पेन्सिलीने खुणा करून ठरवायच्या. श्वास एकत्र घेतला की सुरुवात आपोआप एकत्र होते, मान हलवून इशारा करायला नको.
- ओळीच्या शेवटचा स्वर लांबवायचा नाही.
- ओळ आधी गद्यात, एकमेकांना समजावून सांगितल्यासारखी म्हणायची. मग वृत्तात.

कोरसमधल्या मुलांना म्हाताऱ्यासारखं वाकून चालायला सांगू नये. वय मुखवट्यात आहे. त्यात चालही म्हातारी केली की सोंग होतं.

१५ जुलै : वाद्यं

ग्रीक कोरसला साथ ऑलोसची. हे दुहेरी जिव्हाळीचं, दोन नळ्यांचं वाद्य. त्याच्या जातीचं आपल्याकडे जवळचं म्हणजे सनई किंवा तिचं धाकटं भावंड सुंदरी. सुंदरी घेतली. आवाज धारदार असूनही बंद सभागृहात अंगावर येत नाही.

सनईच्या जातीचा सूर मराठी माणसाला थेट लग्नघरात नेतो. सुरुवातीच्या गाण्यांत ही आठवण आड येते. पण अँटिगनी जिवंतपणी गुहेत जायला निघते तेव्हा ती कबरीलाच आपली लग्नाची खोली म्हणते (ओळ ८९१), मृत्यूचा देव हाच आपला नवरा म्हणते. तिथे हा सूर अचूक बसतो. म्हणून सुंदरी त्या प्रसंगापर्यंत राखून ठेवली आहे. त्याआधी फक्त काठीचे ठोके आणि तोंडाने धरलेला खर्ज. डफ एकदाच, डायोनायससला बोलावणाऱ्या शेवटच्या गाण्यात (१११५–११५२), कारण त्या देवाच्या पूजेत असंच कातडी वाद्य वाजत असे. ते गाणं उत्साहाचं आहे आणि लगेच दूत येतो, म्हणून डफ त्याच्या पहिल्या शब्दाआधी तोडून थांबवायचा, हळूहळू विरवायचा नाही.

२२ जुलै : मुखवटे

इ. स. पू. पाचव्या शतकातला एकही खरा मुखवटा उरलेला नाही. ते कांजी दिलेल्या तागाच्या कापडाचे असत, केसांसकट पूर्ण डोकं झाकणारे. नेपल्सच्या संग्रहालयात प्रोनोमोसच्या नावाने ओळखलं जाणारं रंगवलेलं भांडं आहे, इ. स. पू. ४०० च्या सुमाराचं. त्यात नट मुखवटे हातात धरून उभे आहेत. चेहरे साधे, तोंडं जराशी उघडी. शाळांच्या भिंतीवर दिसतो तो आ वासलेला, उंच कपाळाचा मुखवटा आणि जाड तळाची पादत्राणं ही नंतरच्या काळातली. ती घेतली तर चेहरा पहिल्या क्षणापासून किंचाळत राहतो आणि क्रेऑनला बदलायला वावच उरत नाही.

कृती: नटाच्या डोक्याच्या मापाने शाडूचा साचा, कपाळ आणि गालफडांवर दीड सेंटिमीटर जास्तीची माती. साच्यावर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म ताणून बसवायची. वर्तमानपत्राच्या अडीच सेंटिमीटर रुंद पट्ट्या, फाडलेल्या, कापलेल्या नव्हेत. फाडलेली कड पातळ असल्याने जोड दिसत नाही. सहा थर, एकाआड एक उभे-आडवे. सातवा थर मांजरपाटाचा. चिकटवायला फेविकॉल दोन भाग, पाणी एक भाग.

मैद्याची खळ स्वस्त पडते, पण पावसाळ्यात तिला बुरशी धरते. बुरशी येऊ नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे. ते विषारी आहे आणि मुखवटा तासभर तोंडावर असतो, तेव्हा अजिबात नको. दिवसाला दोनच थर द्यायचे, मग पंख्याखाली. घाईने उन्हात किंवा बल्बखाली ठेवला की वरचा थर आवळतो, आतला ओला राहतो आणि हनुवटी वाकडी होते.

तोंडाचं भोक साडेचार सेंटिमीटर उंच. कड आतून बाहेर उतरती घासायची, म्हणजे आवाज अडत नाही. बुबुळाच्या जागी १५ मिलिमीटरचं भोक. याहून मोठं केलं की आतले खरे डोळे दिसतात आणि मुखवट्याचा परिणाम जातो. आतून कपाळाला आणि दोन्ही गालांना फोमचे तुकडे. ओठ मुखवट्याला टेकता कामा नयेत. टेकले की प, ब, म चिरडतात. केस काळ्या लोकरीचे, खाली सुती पट्टा घाम टिपायला. सगळं धरून वजन ४०० ग्रॅमच्या आत ठेवायचं. त्यापुढे मान दुखते आणि नट डोकं खाली पाडतो.

५ ऑगस्ट : मुखवट्यासह तालीम

काय बिघडतं आणि का:

मुखवटा पूर्ण बाजूने दिसला की मरतो. संवाद समोरच्या नटाकडे बघून नाही, प्रेक्षकांकडे तीन चतुर्थांश वळून. ऐकणाऱ्याने स्थिर राहायचं, बोलणाऱ्यानेच हालचाल करायची. हा नियम मोडला तर मुलांना कोण बोलतंय हेच कळत नाही, कारण ओठ हलताना दिसत नाहीत. हेमॉन-क्रेऑनच्या एकेका ओळीच्या सवाल-जवाबात (७३०–७५७) तर हा नियम मोडणं जिवावर बेततं. तिथे प्रत्येक ओळीच्या पहिल्या शब्दाबरोबर हात किंवा डोकं हलवायचं आणि ओळ संपताच थांबायचं. दोन ओळींत श्वासाइतकीही फट नको.

कॉलर माइक मुखवट्याच्या आत लावला की पोकळीत आवाज घुमतो आणि श्वास फडफडतो. माइक नकोच. अगदीच मोठं सभागृह असेल तर केसांच्या रेषेवर, मुखवट्याच्या बाहेर.

नटाला स्वतःचा आवाज आत मोठा ऐकू येतो, म्हणून तो नकळत हळू बोलू लागतो. तालमीला एक जण शेवटच्या रांगेत बसून ऐकू न आलेले शब्द लिहून घेईल. कुठे मोठ्याने बोला असं न सांगता, नेमके तेच शब्द परत म्हणून घ्यायचे. बहुतेक वेळा ओळीतलं शेवटचं क्रियापद गेलेलं असतं.

१९ ऑगस्ट : क्रम

दिग्दर्शनाचा सगळ्यात मोठा निर्णय याच प्रसंगात आहे. टायरेसियस अरिष्टाचं भाकीत करून जातो. क्रेऑन पहिल्यांदा डगमगतो आणि कोरसला विचारतो, काय करू? कोरस स्पष्ट सांगतो (११००–११०१): आधी मुलीला गुहेतून सोडव, मग उघड्यावर पडलेल्याला मूठमाती दे. क्रेऑन कबूल होतो, कुऱ्हाडी घ्या म्हणतो, मीच बांधली, मीच सोडवीन म्हणतो आणि धावत जातो. पुढे दूत येऊन सांगतो (११९६ पासून): आम्ही आधी पॉलिनायसिसच्या उरल्यासुरल्या देहाला न्हाऊ घातलं, जाळलं, वर मातीचा उंचवटा रचला, आणि मग गुहेकडे वळलो. तोवर उशीर झाला होता.

क्रम उलटला. का, ते नाटक सांगत नाही. मेलेल्यांच्या बाबतीत चूक केली म्हणून आधी मेलेल्यांचं फेडायला गेला? की देवांची भीती मुलीपेक्षा मोठी होती? उत्तर मुलांनी काढावं, पण त्यासाठी दोन्ही ओळी त्यांच्या कानात पडल्या पाहिजेत, आणि मधे एक पूर्ण गाणं आहे. म्हणून: कोरसचा सल्ला एकसुरात नाही, एकाच वृद्धाने, दोन बोटं एकामागून एक उघडत सांगायचा. ‘आधी’ आणि ‘मग’ यांवर ठाम थांबायचं. दूत आपल्या निवेदनात तेच दोन शब्द, तसेच थांबून, म्हणेल. त्या वेळी सल्ला देणारा वृद्ध फक्त मान वर करेल. इतर कोणी हलायचं नाही. याहून जास्त खूण केली तर नाटकाने राखलेला प्रश्न आपणच सोडवून टाकल्यासारखं होईल.

दूताच्या निवेदनामागे सावल्यांचा खेळ किंवा मूकनाट्य दाखवण्याची सूचना आली आहे. नको. मृत्यू पडद्याआड होतात ही या प्रकाराची अडचण नाही, पद्धत आहे. डोळ्यांना दुसरं काही दिलं की कान मिटतात आणि ‘आधी-मग’ हरवतं.

२ सप्टेंबर : नेपथ्य

काळे पडदे, मधोमध एक दार साडेतीन फूट रुंद, बाकी काही नाही. डावीकडून शहर, उजवीकडून रणांगण आणि गुहा. या दोन वाटा शेवटपर्यंत बदलायच्या नाहीत. मुलांना हे सांगावं लागत नाही, तिसऱ्या प्रवेशापर्यंत आपोआप कळतं.

युरिडिसीचा देह बाहेर आणायची गाडी: ६ फूट बाय ३ फूट, १८ मिलिमीटर प्लाय, खाली ४० मिलिमीटर चौरस पाइपची चौकट. चार चाकं, चार इंची, रबरी, चारही न वळणारी. वळणारी चाकं लावली की गाडी दारात तिरकी होऊन अडकते. रंगमंचाच्या कडेपासून चार फुटांवर अडणी पट्टी स्क्रूने बसवायची, कारण काही सभागृहांचे रंगमंच पुढे उतरते असतात. ढकलायला मागे दोघं, आठ सेकंदांत पूर्ण बाहेर.

हेमॉनचा देह पुतळाच हवा. हेमॉन करणारा नट त्या वेळी दूत असतो. पुतळा नटाच्या उंचीचा, आत फोम आणि जुनं कापड, कंबरेत पाच किलो वाळूची पिशवी. हलका पुतळा उचलताना क्रेऑनचे खांदे खाली जात नाहीत आणि मुलं हसतात. १४ किलोच्या आसपास बरोबर दिसतं. गुडघे-कोपरांना सुतळीचे सांधे, मान सैल.

१६ सप्टेंबर : सभागृहं

टाळी वाजवून बघायची. आवाज दीड सेकंदाहून जास्त रेंगाळला तर बाजूच्या भिंतींवर सतरंज्या टांगायच्या. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळ्यात प्रयोग घेऊ नये. पंखे बंद ठेवावे लागतात, म्हणून सकाळची वेळ. घंटा त्या दोन तासिकांपुरती बंद ठेवायला मुख्याध्यापकांना लेखी विनंती.

पूर्ण अंधार होत नाही, करायचाही नाही. मूळ प्रयोग दिवसाउजेडी होत. पण डोक्यावरच्या ट्यूबलाइटमुळे मुखवट्याच्या डोळ्यांत काळे खड्डे पडतात. समोरून, दोन मीटर उंचीवर, ५० वॅटचे दोन एलईडी फ्लड, पुढे ट्रेसिंग पेपर. तेवढ्याने चेहरे जिवंत होतात.

३० सप्टेंबर : वर्गातली तयारी

प्रयोगाच्या आठवडाभर आधी एक तासिका. गोष्ट पूर्ण सांगून टाकायची, शेवटासह. अथेन्सच्या प्रेक्षकांनाही या घराण्याची कथा ठाऊक असे. मुलांना दिलेल्या कागदावर वंशवृक्ष आणि सहा नावं, एवढंच.

शिक्षकांसाठी महत्त्वाचा मुद्दा: अथेन्समध्ये देशद्रोह्याला ॲटिकाच्या (अथेन्सच्या भोवतालच्या प्रदेशाच्या) मातीत पुरायला बंदी होती, हद्दीबाहेर मात्र पुरता येई. म्हणजे क्रेऑनचा राग त्या प्रेक्षकांना समजणारा होता, पण देह कुत्र्या-गिधाडांसमोर टाकून पहारा बसवणं ही त्याची मजल होती. हे सांगितलं नाही तर क्रेऑन नुसता खलनायक वाटतो. ‘कोण बरोबर?’ असा कौल घेऊ नये. सगळे हात अँटिगनीसाठी वर होतात आणि चर्चा संपते. त्याऐवजी विचारावं: क्रेऑनला कुठे-कुठे थांबता आलं असतं? ओळ दाखवा.

नाटकात तीन आत्महत्या आहेत. शाळेला हे आधी लेखी कळवायचं. दूताच्या निवेदनात कृतीचा तपशील मुळापेक्षा एका शब्दानेही वाढवायचा नाही. समुपदेशक किंवा विश्वासातले एक शिक्षक सभागृहात दाराजवळ बसतील, ज्याला उठून जायचंय त्याला जाऊ द्यायचं. कागदाच्या मागे टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक. चर्चेत ‘शूर मरण’ हा शब्द आला तर शिक्षकाने तिथे थांबून बोलावं.

१४ ऑक्टोबर : रंगीत तालीम

एकूण ८३ मिनिटं. तीन मिनिटं कोरसच्या जागा बदलण्यात जातात. तिथे चाल आणि बोलणं एकत्र करायचं. टायरेसियसचा बदल अडीच मिनिटांत बसतो, मात्र काठी दाराच्या आत उजव्या हाताला टांगलेली हवी.

११ नोव्हेंबर : प्रयोगांनंतर

मुखवटे पहिल्यांदा दिसले की हशा होतोच. दोन्ही बहिणींनी येऊन निःशब्द उभं राहायचं, हसू पूर्ण ओसरेपर्यंत. घाईने बोलायला लागलं तर पहिल्या पस्तीस ओळी वाया जातात, आणि मनाईचा हुकूम त्यातच आहे. पहारेकऱ्याला हसणं योग्यच, तो विनोदीच लिहिला आहे. त्याचा वेग कमी करू नये. तोच माणूस पुढच्या खेपेला अँटिगनीला धरून आणतो तेव्हा हसू जागच्या जागी थांबतं.

चर्चेत क्रमाचा मुद्दा मुलांनी स्वतःहून काढला तिथे बोलणं तासिकेच्या पुढे गेलं. जिथे पंखे चालू राहिले तिथे तो निघाला नाही.

पुढच्या सत्रासाठी: क्रेऑनचा मुखवटा दुसरा करून ठेवणे, घामाने हनुवटीचा थर सुटतोय. गाडीची मागची दोन चाकं बदलणे. मुखवटे पिशवीत नाही, नाकाखाली आधार देऊन खोक्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवणे. कोरसमधले दोन जण बारावीला आहेत, जानेवारीनंतर त्यांच्या जागी नवे घेऊन रांगांचा सराव पहिल्यापासून.